शेती विभागातील मंगल कार्यालय : एका ना-हरकत ठरावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील एका ग्रामपंचायतीसमोर आलेले हे प्रकरण आहे. गाव, तालुका आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. काळ 2021 नंतरचा, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यानंतरचा आणि आजच्या फौजदारी संहिता येण्यापूर्वीचा आहे. अकृषिक (बिगरशेती) परवानगीच्या कार्यपद्धतीत वेळोवेळी बदल होत आले आहेत. येथे वर्णन केली आहे ती त्या वेळची पद्धत.

गावठाणापासून थोडे लांब, जिल्हा परिषदेच्या रस्त्याला लागून असलेल्या बागायती गटात एका खातेदाराला मंगल कार्यालय आणि त्यासोबत लॉन उभारायचे होते. वाटण्या होऊन हाती आलेले क्षेत्र दोन मुलांच्या संसाराला पुरणारे नव्हते, तालुक्याच्या गावातील कार्यालये मोठ्या मुहूर्तांना वर्षभर आधी भरत होती आणि रस्त्याची दर्शनी बाजू त्याच्याकडे होती. यात गैर काही नव्हते, आणि हे सुरुवातीलाच नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे ग्रामसभेत त्याच्याकडे गावाची जमीन गिळायला निघालेला माणूस म्हणून पाहिले गेले. सातबारावर त्याच्यासोबत बहिणीचे नाव होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 44 खालील वापर बदलण्याच्या अर्जाला सहधारकाची संमती लागते, आणि ती त्याने आधीच घेतली होती. जमीन भोगवटादार वर्ग 1 ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध नसलेली, असल्याने नजराण्याचा, म्हणजे त्यासाठी सरकारला द्याव्या लागणाऱ्या रकमेचा, प्रश्न नव्हता.

गट गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असता तर कलम 42-ड चा तुलनेने सोपा मार्ग उपलब्ध झाला असता. तो त्याबाहेर होता. प्रादेशिक योजनेत, म्हणजे भागातील जमिनींचे वापर ठरवणाऱ्या शासकीय आराखड्यात, तो शेती विभागात दाखवलेला होता, त्यामुळे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 18 खालील विकास परवानगी आणि महसूल अधिनियमाखालील अकृषिक परवानगी अशा दोन्ही वाटा चालाव्या लागणार होत्या. शेती विभाग म्हणजे तेथे शेतीखेरीज काहीच करता येत नाही, असा गावोगाव समज आहे. तो बरोबर नाही. नियमावलीत शेती विभागासाठी अनुज्ञेय वापरांची लांब यादी आहे. किमान क्षेत्र, पोहोच रस्ता, बांधकामाचे प्रमाण, वाहनतळ अशा अटींवर मंगल कार्यालयही त्या यादीत बसते. या प्रकरणातील निम्मा गोंधळ हे माहीत नसल्यामुळे झाला.

अडचण काय होती

अर्ज महसूल कार्यालयात गेला, नकाशे अभिप्रायासाठी नगररचना कार्यालयाकडे गेले, आणि तहसील कार्यालयाकडून तलाठी, मंडळ अधिकारी यांच्याकडे स्थळपाहणीसाठी व ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखल्यासाठी पत्रे निघाली. ग्रामपंचायतीचे पत्र मासिक सभेत ठेवण्यापूर्वीच एका ओळीच्या ठरावाचा मसुदा तयार होता: अर्जदाराच्या मागणीनुसार ना-हरकत दाखला देण्यात यावा. बहुतेक गावांत असे ठराव याच भाषेत होतात आणि वाचूनही दाखवले जात नाहीत.

या वेळी ते थांबले, कारण कार्यालयाच्या जागेच्या बाजूने एक पाणंद आत मळ्यांकडे जाते. गावनकाशावर ती दोन तुटक रेषांनी दाखवलेली आहे, म्हणजे ती गाडीमार्ग आहे. कागदावर अशा गाडीमार्गाची रुंदी 16.5 ते 21 फूट धरली जाते. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी ती खाऊन टाकली होती आणि उसाने भरलेली ट्रॉली आली की समोरून मोटारसायकलही काढता येत नव्हती. आतील वस्तीवरील शेतकऱ्यांनी सह्यांचे निवेदन दिले. त्यात तोडणीच्या हंगामातील वाहतूक, रात्रीचा आवाज, सांडपाणी, उष्टे-खरकटे आणि त्यामागे येणारी कुत्री, शाळेत चालत जाणाऱ्या मुली, असे सगळे एकत्र लिहिलेले होते आणि शेवटी एकच मागणी होती: परवानगी देऊ नये.

त्यातील पहिला मुद्दा सर्वांत वजनदार होता. कारखान्याचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. म्हणजे दोन्ही हंगाम एकमेकांवर चढतात. तोडलेला ऊस जितका वेळ शेतात किंवा ट्रॉलीत पडून राहील तितके त्याचे वजन आणि साखर उतारा घटतो, आणि शेतकऱ्याचे पैसे काट्यावरच्या वजनावर ठरतात. त्यामुळे वऱ्हाडाच्या गाड्यांमुळे दुपारभर अडकलेली ट्रॉली हा त्याच्या दृष्टीने सरळ आर्थिक तोटा होता. निवेदनात मात्र हे कुठेही असे उलगडून लिहिलेले नव्हते. ‘शेतकऱ्यांची गैरसोय होईल’ एवढे एक वाक्य होते, आणि अशा वाक्यावर कोणताही अधिकारी निर्णय आधारू शकत नाही.

आणखी एक अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. कलम 44 खालील अर्जात शेजारच्या खातेदारांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती नाही. प्रादेशिक योजना तयार होताना हरकती-सूचना मागवल्या जातात, पण त्या वेळी गावात कोणाला पत्ता नसतो. आणि प्रत्यक्ष अर्ज येतो तेव्हा कायदेशीर सुनावणी नसते. त्यामुळे अंतिम निर्णयाचा अधिकार नसलेली ग्रामसभा हेच शेजाऱ्यांना बोलण्याचे एकमेव ठिकाण उरते, आणि तेथे साचलेला सगळा राग एकदम बाहेर पडतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मसुद्यातलाच होता: कोणतीही अट न घालता ना-हरकत द्यायची. अर्जदार सरपंचांच्या गटाच्या जवळचा होता आणि अनुज्ञेय वापराला आडकाठी का करायची, असा युक्तिवादही उपलब्ध होता. त्याचा तोटा असा की असा दाखला एकदा गेला की गावाच्या अडचणी परवानगीच्या कागदावर कोठेही उमटत नाहीत, आणि नंतर तक्रार केली तर ‘तुम्हीच ना-हरकत दिली होती’ हे उत्तर तयार असते.

दुसरा पर्याय सरळ नकाराचा. निवेदन देणाऱ्यांना तो हवा होता आणि सभेत टाळ्या त्यालाच पडल्या. ग्रामसेवकाने येथे स्पष्ट भूमिका घेतली. वापर नियमावलीत बसत असेल तर ‘ग्रामसभेचा विरोध आहे’ एवढ्या कारणावर महसूल अधिकारी अर्ज फेटाळू शकणार नाहीत. त्यांनी फेटाळलाच तर अपिलात आदेश टिकणार नाही, आणि मग परवानगी येईल ती गावाच्या एकाही अटीविना. नकार देऊन गाव निर्णयातून बाहेर पडते, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. सभेत तो पटकन पटला नाही. ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न त्याला दोनदा ऐकावा लागला.

तिसरा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, पण तोच घडण्याची शक्यता सर्वांत जास्त होती: विषय तहकूब करत राहायचा. पंचायतीची निवडणूक फार दूर नव्हती, दोन्ही बाजूंना मते होती आणि भिजत घोंगडे ठेवण्यात सर्वांचीच सोय होती. पण कलम 44 मध्ये अर्जाची पोच दिल्यापासून 90 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, अशी तरतूद आहे. पंचायतीच्या मौनाने घड्याळ थांबत नाही. उलट महसूल कार्यालय पंचायतीच्या अभिप्रायाची वाट पाहत बसले तर मुदत संपण्याचा धोका वाढतो, आणि मानीव परवानगीत या विशिष्ट पाणंदीचा, विहिरीचा किंवा वस्तीचा विचार कोणीच केलेला नसतो.

चौथा पर्याय होता सशर्त शिफारशीचा. जागा पाहायची, अडचणी एकेक करून नोंदवायच्या, प्रत्येक अडचणीसमोर एक अट लिहायची आणि ‘या अटी आदेशात समाविष्ट केल्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही’ असा ठराव पाठवायचा. हा मार्ग कष्टाचा होता आणि दोन्ही गटांना निम्मा-निम्माच रुचणारा होता.

पाचवा पर्याय या चौकटीबाहेरचा होता. काही सदस्यांनी सुचवले की अर्जदाराने गावाच्या सभामंडपाला देणगी द्यावी, दर कार्यक्रमामागे पंचायतीला ठरावीक रक्कम द्यावी आणि गावातल्याच मुलांना कामावर घ्यावे, म्हणजे गाव राजी होईल. हे सुचवणारे लोक लबाड नव्हते. अनेक गावांत असेच चालते. परंतु ना-हरकतीच्या बदल्यात देणगी मागितली की त्या कागदाचे स्वरूपच बदलते. शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न देणगीने सुटत नाही, आणि अशी अट लेखी गेली तर बाकीच्या रास्त अटीही त्याच टोपलीत जातात. पंचायतीचे कर आणि शुल्क कायद्याने ठरलेल्या मार्गाने घेता येतात. त्यांची जागा ना-हरकत ठरावात नाही.

काय केले गेले

निर्णायक ठरली ती महिला ग्रामसभा. नियमित ग्रामसभेपूर्वी ती घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच होते. येथे ती खरोखर झाली, कारण निवेदनातील शाळकरी मुलींचा मुद्दा बायकांनी उचलून धरला होता. बंदीची मागणी तेथे पुढे आलीच नाही. फाटक पाणंदीवर उघडणार की डांबरी रस्त्यावर, एवढेच त्यांनी विचारले. फाटक रस्त्याकडे असेल तर गाड्या पाणंदीत वळणारच नाहीत, आणि मुलींचा व ट्रॉल्यांचा निम्मा प्रश्न तेथेच संपेल. अर्जदाराच्या नकाशात दोन फाटके होती, आणि स्वयंपाकघराकडे जाणारे मागचे फाटक पाणंदीवरच होते. हे तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते.

नियमित ग्रामसभेने सशर्त शिफारशीकडे जाण्यापूर्वी संयुक्त पाहणी ठरवली. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, अर्जदार, निवेदन देणाऱ्यांपैकी तिघे आणि दोन महिला सदस्य असे सगळे जागेवर गेले. अर्जदाराचा चुलतभाऊ पंचायत सदस्य होता. तो पाहणीला आणि नंतरच्या मतदानाला हजर राहिला नाही, आणि तशी नोंद इतिवृत्तात घेतली गेली. छोटी गोष्ट, पण पुढे कोणालाही ठरावावर पक्षपाताचा ठपका ठेवता आला नाही.

पाहणीत जे दिसले ते कागदावर दिसणे शक्यच नव्हते. आराखड्यात शौचकूप टाकी आणि शोषखड्डा मागच्या बांधालगत, अगदी कोपऱ्यात दाखवले होते. इमारतीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वास्तुविशारदाच्या दृष्टीने सर्वांत योग्य जागी. बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याची विहीर होती. आराखडा फक्त अर्जदाराच्या गटाचा असतो, त्यामुळे पलीकडच्या गटातील विहीर त्यावर नव्हती. कोणीतरी टेप आणायला सांगितला, एक टोक विहिरीच्या कठड्याला धरले आणि दुसरे अर्जदाराच्या मुलाने शोषखड्ड्यासाठी ठोकलेल्या खुंटीवर ठेवले. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून असा शोषखड्डा 18 मीटरच्या आत असू नये, हा बांधकामाचा प्रचलित नियम आहे. येथे अंतर त्याच्या जवळपासही नव्हते. विहिरीवरून वस्तीतील तीन घरे पाणी भरत होती. अर्जदाराने तेथल्या तेथे टाकी विरुद्ध बाजूला नेण्याचे मान्य केले. एवढे दिवस चाललेल्या वादात सर्वांत गंभीर धोका हाच होता, आणि सह्यांच्या निवेदनात त्याचा उल्लेख ‘सांडपाणी’ या एका शब्दात उरकलेला होता.

ठराव नंतर चार-पाच पानांचा झाला. प्रवेश व निर्गमन फक्त जिल्हा परिषद रस्त्यावरून असेल आणि पाणंदीकडील हद्दीवर सलग कुंपण घातले जाईल. कुंपण मोजणीच्या हद्दीपासून आत घेऊन नकाशातील गाडीमार्गाची रुंदी मोकळी ठेवली जाईल. शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटरहून अधिक अंतरावर असेल आणि स्वयंपाकघराचे तेलकट पाणी वेगळ्या गाळण टाकीतून जाईल. ध्वनी प्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक वाजणार नाही, आणि इतर वेळी हद्दीवरील आवाज त्या नियमांच्या मर्यादेत राहील. त्या वेळी लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला व सुका कचरा वेगळा ठेवला जाईल आणि खरकटे उघड्यावर टाकले जाणार नाही. प्रत्येक अटीखाली पाहणीतील कोणत्या निरीक्षणावरून ती आली, याचे एक-दोन वाक्यांत कारण लिहिले होते. देणगी आणि नोकऱ्यांच्या मागण्या बऱ्याच वादानंतर वगळल्या गेल्या.

वाहतुकीबाबत मात्र ठराव ढिला राहिला. ‘गळीत हंगामात शेतमाल वाहतुकीस अडथळा होणार नाही याची अर्जदाराने दक्षता घ्यावी’, असे वाक्य त्यात गेले. दक्षता म्हणजे नेमके काय, ते कोणी ठरवले नाही. रात्र झाली होती आणि सभा संपवायची घाई होती.

परिणाम

परवानगी मुदतीत मिळाली. आदेशात फाटक, कुंपण, शोषखड्डा आणि ध्वनीच्या अटी जवळजवळ ठरावाच्याच शब्दांत उतरल्या, कारण अधिकाऱ्याला त्या उचलण्यासाठी नव्याने काही शोधावे लागले नाही. सार्वजनिक बांधकाम उपविभागाने रस्त्यालगतच्या इमारत रेषेची आणि नियंत्रण रेषेची अट स्वतंत्रपणे घातली. वाहतुकीची दक्षताही आदेशात आली, तशीच, शब्दशः.

पहिल्या लग्नसराईत पाणंद मोकळी राहिली. तेथे फाटकच नव्हते, त्यामुळे कोणाला राखणदारी करावी लागली नाही. विहिरीच्या पाण्याबद्दल तक्रार आली नाही. आवाजाबाबत दोन-तीन वेळा कुरबुर झाली. एकदा पोलिसांनी येऊन डीजे बंद केला आणि नंतर कार्यालयाच्या मालकाने भाडेकरारातच दहाची वेळ छापून घेतली. वधुपक्षाशी भांडण्यापेक्षा छापील कलम दाखवणे त्यालाही सोयीचे होते.

ज्या गोष्टीची धास्ती होती ती मुख्य रस्त्यावर घडली. दाट मुहूर्ताच्या दिवशी आतला वाहनतळ भरला, गाड्या डांबरी रस्त्याच्या दोन्ही साइडपट्ट्यांवर लागल्या आणि त्यातच वरात निघाली. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागली. एका ट्रॉलीचालकाने हॉर्न दाबून धरला, वऱ्हाडातील काहींनी त्याला खाली ओढले आणि प्रकरण ठाण्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी निवेदन दिले होते ते ग्रामपंचायतीत आले आणि ‘तुमची अट कुठे गेली?’ असे विचारू लागले.

या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. पंचायत म्हणाली, आदेश महसूल खात्याचा आहे. तलाठी म्हणाले, दक्षता घेतली नाही हे पंचनाम्यात कसे लिहायचे? पोलीस रस्त्यावरच्या गाड्यांवर कारवाई करू शकत होते, पण परवानगीच्या अटीचा भंग हा त्यांचा विषय नव्हता. परवानगीच्या अटींविरुद्ध वापर केल्यास महसूल अधिनियमाच्या कलम 45 खाली दंड करता येतो आणि वापर थांबवण्याचा आदेशही देता येतो. पण त्यासाठी अटीचा भंग दाखवता आला पाहिजे, आणि मोजताच न येणाऱ्या अटीचा भंग दाखवता येत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, म्हणजे आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, सार्वजनिक उपद्रव म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्गही होता. पण वर्षातील मोजक्या दिवसांच्या कोंडीसाठी तो मार्ग म्हणजे हंगाम संपेपर्यंत तारखा मोजणे.

मालकाने स्वतःच तोडगा काढला. शेजारच्या, खोडवा (तोडणीनंतर फुटलेले उसाचे पुढचे पीक) काढून मोकळ्या झालेल्या शेताचे तुकडे त्याने मुहूर्ताच्या दिवसांपुरते भाड्याने घेतले आणि तेथे गाड्या लावायला सुरुवात केली. रस्ता मोकळा झाला आणि सगळे खूश झाले. मग तलाठ्यांनी दाखवून दिले की ते शेत लागवडीखालील आहे आणि त्यावर वाहनतळ चालवणे हा परवानगीविना अकृषिक वापर आहे. दंड झालाच तर तो भाडे घेणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर लागेल. तहसीलदारांच्या बैठकीत शेवटी ठरले की मालकाने हंगामाच्या सुरुवातीलाच दाट मुहूर्तांची यादी द्यावी, त्या तारखांसाठी शेतमालकाने तात्पुरत्या वापराची परवानगी घ्यावी, आणि कारखान्याच्या शेतकी विभागाने त्या दिवशीच्या तोडी शक्य तितक्या सकाळी लावाव्यात. कलम 44 मध्ये तात्पुरत्या वापराच्या अर्जांसाठी 15 दिवसांची वेगळी मुदत आहे, त्यामुळे हे व्यवहारात बसले. शेवटचा मुद्दा कोणत्याही आदेशाने आला नव्हता. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे गावात तोडीच्या पाळ्या लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, बैठकीस बोलावले होते, आणि त्याने दहा मिनिटांत तो सुचवला.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

सर्वांत मोलाचा टप्पा संयुक्त पाहणीचा होता, आणि तो जवळजवळ चुकला होता. अर्जासोबत येणारा आराखडा अर्जदाराच्या गटाच्या रेषेवर संपतो, तर जमीन वापराचे बहुतेक परिणाम त्या रेषेपलीकडे असतात. पंचायतीने अशा प्रत्येक अर्जासाठी गावनकाशाच्या प्रतीवर आसपासच्या विहिरी, बोअर, वस्त्या, पाणंदी आणि ओढे खुणेने दाखवून घेतले असते, तर विहिरीचा प्रश्न पहिल्याच मासिक सभेत दिसला असता. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. तलाठ्याकडे नकाशा असतो आणि विहिरी गावाला तोंडपाठ असतात.

दुसरा टप्पा नकाराकडून अटींकडे वळण्याचा. हे वळण ग्रामसेवकाच्या ठामपणामुळे आले, पण तो ठामपणा सभेच्या मध्यावर आला आणि म्हणून तो एका बाजूचा वाटला. वापर अनुज्ञेय आहे की नाही, अंतिम अधिकार कोणाचा आणि मुदत किती, या तीन गोष्टी सभेच्या नोटिशीसोबतच लेखी दिल्या असत्या तर चर्चा त्या पातळीवरून सुरू झाली असती. विरोध करणाऱ्यांनाही आपण हरलो असे वाटले नसते, कारण बंदी हा पर्याय मुळातच टेबलावर नव्हता, हे त्यांना आधी कळले असते.

तिसरा टप्पा, जो खरोखर निसटला, तो वाहतुकीच्या अटीचा. माझ्या मते येथे पंचायतीचा दोष कमी आणि सवयीचा जास्त आहे. सरकारी कागदांत ‘दक्षता घ्यावी’, ‘योग्य ती कार्यवाही करावी’, ‘अडथळा होऊ नये’ ही वाक्ये इतकी रुळली आहेत की ती लिहिताना कोणाला आपण काही सोडून देत आहोत असे वाटतही नाही. त्याऐवजी कार्यक्रमाच्या दिवशी जिल्हा परिषद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात एकही वाहन उभे राहणार नाही, त्यासाठी मालक रस्त्यावर माणसे नेमेल, आणि वाहनतळ अपुरा पडेल त्या तारखांसाठी पर्यायी जागेची परवानगी आधी घेईल, असे लिहिता आले असते. अशी अट मोडली की एका छायाचित्रावर पंचनामा होतो. मोठ्या मुहूर्ताला किती गाड्या येतात हे शोधणेही अवघड नव्हते. तालुक्यातील कोणत्याही कार्यालयाबाहेर एक दुपार उभे राहिले की अंदाज आला असता.

त्याच अनुषंगाने, प्रत्येक अटीसमोर ती कोण तपासणार आणि केव्हा, हे लिहिलेले नव्हते. फाटक आणि शोषखड्डा या अटी बांधकाम पूर्ण होताना एकदा तपासल्या की संपतात. ध्वनी, कचरा आणि वाहतूक या अटी मात्र प्रत्येक कार्यक्रमाला नव्याने पाळायच्या असतात. या दोन प्रकारांत ठरावाने फरक केला नाही. पहिल्या हंगामानंतर तहसील कार्यालयात एक आढावा बैठक होईल, एवढी एक अट असती तरी भांडण ठाण्यापर्यंत जाण्याआधी त्याला वाट मिळाली असती. ती बैठक अखेर झालीच, पण मारामारीनंतर.

अर्जदाराच्या बाजूनेही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. त्याने नकाशे आधी तालुक्याला नेले आणि शेजाऱ्यांना अर्जाची बातमी पंचायतीच्या पत्रातून कळली. कायद्याने त्याच्यावर तशी सक्ती नव्हती. परंतु नकाशा तालुक्याला नेण्यापूर्वी तो विहिरीच्या मालकाला एकदा दाखवला असता, तर मागचे फाटक आणि शोषखड्डा या दोन्ही गोष्टी कोणत्याही सभेशिवाय बदलल्या गेल्या असत्या आणि नवा नकाशा काढण्याचा खर्चही वाचला असता.

दरम्यान त्याच जिल्हा परिषद रस्त्यावर, थोड्या अंतरावर, दुसऱ्या खातेदाराचा मंगल कार्यालयासाठी अर्ज आला आहे. वापर पुन्हा अनुज्ञेय आहे आणि जागा पाणंदीपासून दूर आहे, त्यामुळे स्वतंत्रपणे पाहिले तर त्यावर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही. पण एकाच मुहूर्ताला दोन्हीकडे लग्ने लागली तर त्याच रस्त्याचे काय होईल, हा प्रश्न एका अर्जाच्या छाननीत कोठे बसवायचा, यावर पंचायतीत दोन मते आहेत. पहिल्या मालकाने घेतलेल्या तारखांच्या यादीशी दुसऱ्याच्या तारखा पडताळण्याची अट घालता येईल का, याबद्दल ग्रामसेवकाने तहसील कार्यालयाकडे लेखी विचारणा केली आहे. उत्तर यायचे आहे, आणि 90 दिवसांची मुदत सुरू झाली आहे.